पडलेली धुराडी मोजणारा प्राध्यापक : जॉन मिल्न

हा लेख वाचता वाचता जरा मान वर करून आपल्या खोलीकडे बघा. पलंगाच्या उशाशी लोखंडी कपाट. कपाटावर ट्रंक, ट्रंकेवर गेल्या सेमिस्टरच्या ड्रॉइंग शीट्सची गुंडाळी आणि सगळ्यात वर कुणाचं तरी क्रिकेटचं किट. भिंतीतल्या फळीवर जाडजूड रेफरन्स बुकं, ती फळी दोन खिळ्यांवर. बिल्डिंग आरसीसीची आहे, ती काही पडत नाही, असं आपण गृहीत धरून झोपतो. ठीक आहे, बिल्डिंग पडणार नाही. पण कपाटाचं काय?

सिव्हिलवाल्यांना माहीत असतं की बीम, कॉलम, स्लॅब हा इमारतीचा सांगाडा. भूकंपाचं बळ तो झेलतो आणि अभ्यासही त्याचाच होतो. बाकीचं सगळं, म्हणजे आतल्या विटांच्या भिंती, गच्चीचा कठडा, फॉल्स सीलिंग, काचा, पाइप, टाक्या, कपाटं, याला एकच नाव : नॉन-स्ट्रक्चरल. म्हणजे जणू 'इतर'. व्हायव्हाला त्यावर प्रश्न फारसा येत नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एक प्राध्यापक असा होऊन गेला, की ज्याने या 'इतर' गोष्टींकडे बघूनच भूकंप समजून घ्यायला सुरुवात केली. विशेष म्हणजे तो सिव्हिलचा नव्हता, मायनिंगचा होता. त्याचं नाव जॉन मिल्न.

खाणीतून वर्गात

मिल्न यांचा जन्म ३० डिसेंबर १८५० चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि नंतर रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये. पदवीनंतर न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या थंडीत खनिजांचा शोध घेत फिरले. १८७४ मध्ये एका मोहिमेबरोबर अरबस्तानच्या वायव्य भागातही जाऊन आले. पायाला भिंगरी असलेला हा तरुण पंचविशीत पोचतो न पोचतो तोच जपान सरकारकडून त्याला बोलावणं आलं : टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मायनिंग आणि भूगर्भशास्त्र शिकवायला याल का?

त्या काळचा जपान म्हणजे झपाटलेला देश होता. शेकडो वर्षं बंद असलेली दारं उघडलेली होती आणि रेल्वे, तारयंत्र, कारखाने सगळं एकदम हवं होतं. त्यासाठी परदेशी शिक्षक बोलावून हे कॉलेज काढलेलं. कोर्स सहा वर्षांचा, त्यातली शेवटची दोन वर्षं प्रत्यक्ष साइटवर. प्राचार्य होते हेन्री डायर नावाचे तरुण स्कॉटिश इंजिनिअर, आणि बाकीचे बरेचसे प्राध्यापकही तिशीच्या आतबाहेरचे. आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा फार मोठे नसलेले!

मिल्नना समुद्रप्रवासात बोट लागायची. म्हणून हा माणूस जहाजाने न जाता रशिया, सायबेरिया, मंगोलिया, चीन असा खुष्कीच्या मार्गाने निघाला. ट्रान्स-सायबेरियन रेल्वे तेव्हा नव्हती. घोडागाडी, उंट, बर्फावरच्या घसरगाड्या, जे मिळेल ते. १८७५ मध्ये निघालेले मिल्न टोकियोला पोचले १८७६ मध्ये. असं सांगतात की पहिल्याच रात्री भूकंपाच्या धक्क्याने त्यांचं स्वागत झालं. जपानमध्ये ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण खाणीच्या माणसाला जमीन स्थिर असायची सवय. ती सवय त्या देशात मोडली.

योकोहामाची धुराडी

पहिली काही वर्षं मिल्न ज्वालामुखी चढत, दगड गोळा करत, जपानच्या प्राचीन वस्त्यांचे अवशेष उकरत हिंडत होते. भूकंप हा अजून बाजूचा विषय होता. तो मुख्य विषय झाला २२ फेब्रुवारी १८८० ला.

त्या दिवशी योकोहामाला जोराचा धक्का बसला. तसा तो महाभयंकर नव्हता, घरं काही जमीनदोस्त झाली नाहीत. पण योकोहामात परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांनी आपापल्या घरांना मायदेशी पद्धतीची विटांची धुराडी बांधली होती. त्यातली कितीतरी धुराडी कोसळली. काही छपरावर पडली, काही छप्पर फोडून आत आली. घर उभं, भिंती उभ्या, आणि दिवाणखान्यात विटांचा ढीग!

लोक हळहळले, गवंडी बोलावले आणि धुराडी परत बांधली. मिल्न मात्र घरोघर फिरून बघत बसले. कुठलं धुराडं पडलं, कुठलं नाही, पडलं तर कुठून तुटलं? त्यांना एक गोष्ट दिसली. बरीच धुराडी बुंध्यातून नाही, तर बरोबर छपराच्या पातळीवर तुटली होती, जणू कुणी करवतीने कापावीत तशी. कारण सरळ होतं. लाकडी घराची हलण्याची लय वेगळी आणि विटांच्या धुराड्याची वेगळी. व्हायब्रेशन्सच्या भाषेत सांगायचं तर दोघांचा नॅचरल पिरियड वेगळा. घर एका तालात डोलतंय, धुराडं दुसऱ्या तालात, आणि छपराच्या वाशांशी दोघं एकमेकांना खेटलेली. मग छप्पर धुराड्याला टकरा देणार आणि तिथेच ते कापलं जाणार. जी धुराडी बुटकी, जाड, माथ्याला हलकी आणि छपरापासून सुटी होती ती वाचली होती.

म्हणजे उपाय दोनच. एक तर दोन भाग इतके पक्के बांधा की ते एकच होऊन हलतील. नाहीतर त्यांच्यात पुरेशी फट ठेवा. आजही पार्टिशन वॉल, काचेची तावदानं, जिने, पाइप यांचं डिटेलिंग करताना इंजिनिअरसमोर हेच दोन पर्याय असतात. धोका असतो तो अर्धवट जोडलेल्या गोष्टींना.

तिथल्या कबरस्तानातही मिल्न गेले. थडग्यांचे दगड कुठल्या दिशेला पडले आणि कुठले जागच्या जागी फिरले याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्यांच्या आधी आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅलेट यांनी १८५७ च्या नेपल्सजवळच्या भूकंपानंतर असंच, भेगा आणि पडलेल्या वस्तू बघून भूकंपाचं गणित मांडायचा प्रयत्न केला होता. पण मॅलेट भूकंप झाल्यावर तिथे गेले. मिल्न भूकंपाच्या घरातच राहायला होते.

त्याच वर्षी मिल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन केली. फक्त भूकंपासाठी असलेली ही जगातली पहिली संस्था. अध्यक्षपद जपानी विद्वानाकडे दिलं, मिल्न उपाध्यक्ष. आणि कामाचा गाडा ओढायला तेच.

पोस्टकार्डं, दगड आणि हातगाडी

पुढची पंधरा वर्षं या माणसाने काय काय केलं ते वाचलं की आपल्या प्रोजेक्टची लाज वाटते.

भूकंप येतात कुठून हे शोधायला त्यांनी टोकियोच्या आसपासच्या गावांतल्या सरकारी कचेऱ्यांना पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला एक कार्ड टाकायचं, धक्के जाणवले का ते लिहायचं. हळूहळू नकाशा उभा राहिला आणि दिसलं की बरेचसे धक्के पूर्वेकडून, समुद्राच्या बाजूने येतात. खर्च किती? पोस्टाचा.

जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भूकंपमापकं बनवली. आडव्या लंबकाच्या यंत्राचं श्रेय नेमकं कुणाचं यावर नंतर वादही झाले. खरं तर तिघांचंही काम त्यात आहे. पण आता पहिल्यांदाच जमीन कशी हलते याची सेकंदागणिक रेघ हातात येऊ लागली. भूकंप येईपर्यंत वाट कोण बघणार, म्हणून जड लोखंडी गोळा उंचावरून आपटून आणि डायनामाइट उडवून स्वतःचे छोटे भूकंपही त्यांनी करून पाहिले. एक यंत्र जमिनीवर आणि एक दहा फूट खोल खड्ड्यात ठेवून खाली धक्का कमी बसतो हे दाखवलं. भुसभुशीत जमीन टणक जमिनीपेक्षा जास्त हलते हेही मोजलं.

१८८० च्या दशकात त्यांनी चक्क चाकांवर घर बांधायचा प्रयोग केला. चाकं म्हणजे लोखंडी गोळे. एक छोटं लाकडी घर, त्याच्या प्रत्येक खांबाखाली दहा इंच व्यासाचे गोळे. कल्पना अशी की जमीन हलेल, गोळे घरंगळतील आणि घर जागेवर राहील. भूकंपात ते बऱ्यापैकी जमलं. पण वारा सुटला की घर स्वतःच हलायला लागायचं! मग गोळे आठ इंचाचे केले, मग एक इंचाचे, आणि शेवटी पाव इंचाचे छर्रे. तेव्हा घर वाऱ्याला दाद देईना आणि धक्काही कमी पोचू लागला. आज ज्याला बेस आयसोलेशन म्हणतात आणि ज्याच्यावर मोठमोठी हॉस्पिटलं उभी आहेत, त्याचा हा एक पूर्वज. दहा इंचावरून पाव इंचावर येणं म्हणजे आपल्या भाषेत 'इटरेशन'. पहिलं रीडिंग चुकलं म्हणून कोणी जर्नल बंद केलं नव्हतं.

नंतर त्यांनी आपले तरुण सहकारी फुसाकिची ओमोरी यांच्याबरोबर विटांचे खांब पुढे-मागे हलणाऱ्या गाड्यावर उभे करून ते कधी कलंडतात आणि कधी तुटतात हे मोजलं. आजच्या शेक टेबलाचं हे बाळरूप. त्यांचे इंजिनिअरिंग कॉलेजातले सहकारी प्रा. वेस्ट यांचं एक सोपं सूत्र इथे कामाला आलं. पायावर सुटी उभी असलेली वस्तू कलंडायला लागते केव्हा? जमिनीचं आडवं त्वरण भागिले गुरुत्वत्वरण हे प्रमाण, वस्तूच्या पायाची निम्मी रुंदी भागिले तिच्या गुरुत्वमध्याची उंची, या प्रमाणाच्या पुढे गेलं की.

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचं गणित आहे हे. आता आपलं कपाट घ्या. खोली ४५ सेंटिमीटर, उंची १८० सेंटिमीटर. निम्मी रुंदी साडेबावीस, गुरुत्वमध्य साधारण नव्वदवर. उत्तर ०.२५. वर ट्रंक ठेवली आणि गुरुत्वमध्य ११० वर गेला, तर उत्तर ०.२० च्या आसपास. म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश आडवं त्वरण मिळालं की कपाट हलायला तयार. त्यात आपण तिसऱ्या मजल्यावर. इमारत खालच्या हालचालीला वर जाताना साधारणपणे वाढवते, त्यामुळे ग्राउंड फ्लोअरवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त.

सूत्राला मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. ते फक्त डुलणं कधी सुरू होईल ते सांगतं. पूर्ण आडवं पडेल का हे धक्का किती वेळ टिकतो यावरही अवलंबून असतं. १९६३ मध्ये जॉर्ज हाउसनर यांनी दाखवून दिलं की एकाच प्रमाणाच्या दोन वस्तूंत मोठी वस्तू पडायला जास्त कठीण. पण सुरुवात मिल्न यांच्या गाड्यापासून होते.

२८ ऑक्टोबर १८९१

मग खरी परीक्षा आली. मध्य जपानच्या मिनो आणि ओवारी प्रांतांत सकाळच्या वेळी प्रचंड भूकंप झाला. सात हजारांहून जास्त माणसं गेली. निओ नदीच्या खोऱ्यात जमीन चिरली आणि एका ठिकाणी तर सुमारे सहा मीटरची पायरी तयार झाली. नागारा नदीवरचा नवा रेल्वे पूल कोसळला.

मिल्न आणि त्यांचे मित्र प्रा. बर्टन तिथे गेले आणि छायाचित्रांसह त्याची मोठी नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. त्यात सगळ्यात बोचरी गोष्ट ही होती : परदेशी तज्ज्ञांच्या सल्ल्याने, आधुनिक म्हणून बांधलेल्या विटांच्या इमारती आणि गिरण्या वाईट पडल्या होत्या. हे सांगणारा माणूस स्वतः त्याच परदेशी तज्ज्ञांपैकी एक होता. आपल्याच लोकांची चूक सरकारपुढे मांडायला धाडस लागतं. जुनी जपानी घरंही निर्दोष नव्हती. लाकडी सांगाडा लवचीक, पण वर मातीत बसवलेल्या जड कौलांचं छप्पर. डोक्यावर ओझं आणि पाय बारीक.

मिल्न यांच्या लिखाणात सूचना येतात त्या अशा : माथ्यावरचं वजन कमी करा. जड कठडे, कंगोरे, दगडी शोभेची कामं टाळा. धुराडं छपराला खेटवू नका. खिडक्या-दरवाजे एकाखाली एक अशा रांगेत ठेवून भिंत कमजोर करू नका. यातलं किती 'नॉन-स्ट्रक्चरल' आहे बघा. १८९२ मध्ये जपान सरकारने भूकंप संशोधन समिती नेमली. ओमोरींनी उलथलेल्या थडग्यांवरून त्वरणाचे आकडे काढले. १९१६ मध्ये तोशिकाता सानो यांनी त्वरणाच्या प्रमाणात आडवं बळ धरून इमारत डिझाइन करायची पद्धत मांडली, आणि १९२३ च्या कांतो भूकंपानंतर १९२४ मध्ये ती जपानच्या कायद्यात आली. आपल्या आयएस १८९३ मध्ये आपण बेस शिअर काढतो ती रीत याच घराण्यातली.

आणि किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. डोक्यावरचं वजन कमी करा हे मिल्न शंभर वर्षांपूर्वी सांगून गेले होते. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

आगीनंतर

जपानमध्ये मिल्न यांचा संसारही उभा राहिला होता. १८८१ मध्ये त्यांनी हाकोदाते इथल्या बौद्ध मठाधिपतींची मुलगी टोने होरिकावा हिच्याशी लग्न केलं. त्या काळात दोन्ही बाजूंना हे लग्न पचणं सोपं नव्हतं.

१८९५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या टोकियोच्या घराला आग लागली. घर, वेधशाळा, यंत्रं, पुस्तकं, वर्षानुवर्षांच्या नोंदी, सगळ्याची राख झाली. वीस वर्षं भूकंपाशी झुंजलेल्या माणसाला शेवटी आगीने गाठलं. त्याच वर्षी ते पत्नीसह इंग्लंडला परतले. सम्राटाने मानाचं पदक दिलं, पेन्शन दिली. बरोबर हिरोता नावाचा जपानी सहायकही आला.

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, सगळं गमावलेला. इथे कोणीही थांबलं असतं. मिल्न यांनी आइल ऑफ वाइट बेटावर शाइड या गावी घर घेतलं आणि तिथे भूकंपमापक बसवलं. इंग्लंडमध्ये भूकंप कुठून येणार, असं लोकांना वाटलं असेल. पण मिल्न यांना जगाचे भूकंप तिथे बसून बघायचे होते. मोठा भूकंप पृथ्वीवर कुठेही नोंदवता येईल असं त्यांनी १८८३ मध्येच म्हटलं होतं, आणि १८८९ मध्ये जपानचा एक भूकंप जर्मनीत नोंदला जाऊन ते खरंही ठरलं होतं.

ब्रिटिश असोसिएशनच्या मदतीने मिल्न यांची यंत्रं जगभर गेली. १८९७ च्या आसाम-शिलाँगच्या महाभूकंपानंतर ती कलकत्त्याला, कोडाईकनालला आणि आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही बसली. कॅप्टन स्कॉट यांच्या १९०१ च्या 'डिस्कव्हरी' मोहिमेबरोबर एक यंत्र अंटार्क्टिकावरही पोचलं. सगळीकडून नोंदी शाइडला यायच्या, मिल्न त्या जुळवायचे आणि छापून परत जगाला पाठवायचे. अशाच दूरदूरच्या नोंदींच्या आधारे ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं.

३१ जुलै १९१३ ला मूत्रपिंडाच्या आजाराने मिल्न गेले. पहिल्या महायुद्धानंतर टोनेबाई जपानला, आपल्या हाकोदात्याला परतल्या. शाइडचं काम ऑक्सफर्डला गेलं आणि त्याच परंपरेतून पुढे उभं राहिलेलं आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आजही जगभरच्या नोंदी जुळवतंय.

आणि आपण

१९२३ चा कांतो भूकंप मिल्न यांनी पाहिला नाही. जेवणाची वेळ होती, घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. जे एक लाखावर लोक गेले त्यातले बहुतेक आगीत गेले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल भूकंपात मोडलं. ते भक्कम करून पुन्हा बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात नवा सांगाडा ताठ उभा राहिला, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि पेशंट बाहेर काढावे लागले. ज्या दिवशी हॉस्पिटल सगळ्यात जास्त हवं होतं, त्याच दिवशी ते बंद! योकोहामाचं धुराडं आणि हे पाइप, गोष्ट एकच आहे.

मिल्न यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं, फंड बेताचा होता. त्यांच्याकडे होती ती पडलेल्या वस्तूपाशी थांबून ती का पडली असं विचारायची सवय. ती आपल्याला फुकट मिळण्यासारखी आहे. या रविवारी सबमिशनमधून अर्धा तास काढा. टेप घ्या, कपाटाची रुंदी-उंची मोजा आणि वरचा भागाकार करून बघा. ट्रंक खाली उतरवा, जड पुस्तकं खालच्या कप्प्यात घाला. कपाट भिंतीला दोन अँगल आणि चार स्क्रूंनी आवळून घ्यायची परवानगी रेक्टर सरांकडे मागा. पलंगाची उशी कपाटाच्या टप्प्यातून बाजूला घ्या. आणि लॅबमध्ये जे गॅस सिलिंडर सुटे उभे दिसतील, त्यांना साखळी लावायला सांगा.

खर्च फार तर एका पिक्चरच्या तिकिटाएवढा येईल.